मान जरा अवघडलीय

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळपासून मान डावीकडून दुखतेय. उशीचा दोष. उशी बायकोने, दीपाने आणली. मी त्रेचाळीसचा, बीपी नाही, शुगर नाही, बोईसरच्या कंपनीच्या मेडिकलमध्ये दरवर्षी फिट. तरी ती म्हणते, डॉक्टरला दाखवा. तिला पालघरमधले सगळे दवाखाने पाठ आहेत. संकल्प: फक्त बाम. गोळी नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
डाव्या कानात फुस्स-फुस्स. शेजारच्या बळवंतने वाडीत नवी मोटर बसवलीय, तीच. जाऊन खडसावलं. तर म्हणतो, मोटर बंद हाय, आन् तू माज्या बायकोला डोळा कशाला मारतोस? मी! डोळा! घरी येऊन आरशात पाहिलं. डावी पापणी अर्धी खाली. झोप कमी पडली, दुसरं काय. दीपाने पाहिलं आणि न भांडता माझे मेडिकलचे कागद शोधायला लागली. ती भांडत नाही तेव्हा मला धास्ती वाटते.

१६ नोव्हेंबर, रविवार
डोकंही ठणकतंय, डावीकडेच. दीपाला सांगितलं नाही, उगाच हॉस्पिटल-हॉस्पिटल करेल. तरी केलंच. वर रडलीसुद्धा. निर्णय पक्का: उद्या न्हाव्याकडून कटकन मान मोडून घेणार. कटिंगवर फुकट मोडतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी
सलून बंद. सोमवारची सुट्टी! एवढ्या वर्षांत लक्षात राहू नये? घरी चहा घेताना उजव्या हातातून कप सुटला. मिनिटभर तो हात माझा नव्हताच. मग ठीक. कप निसरडा होता. दीपा रिक्षा आणायला धावलीय. मी येणार नाही, ठणकावून सांगितलंय.
अक्षर वाकडं येतंय. पेन भिकार. दुसरं पेन उच

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. हॉस्पिटल
अक्षर दीपाचं. मी सांगतो, ती लिहिते. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली, तिथे गुठळी झाली, ती मेंदूत गेली. उजवा हात अजून उठत नाही. जीभ जड. डॉक्टरांना विचारलं, हे कुणामुळे झालं? म्हणाले, कुणामुळेच नाही, धडधाकट माणसालाही कधीकधी आपोआप होतं. एवढं शिकून हे उत्तर!
माझं बोलणं दीपाला नीट कळत नाही. दर वाक्याला विचारते, हेच ना? मान हलवायला डॉक्टरांची सक्त मनाई, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. पुढच्या दोन ओळी तिने स्वतःच्या मनाने घातल्यात.
शुक्रवारीच ऐकायला हवं होतं.
मी फार घाबरले होते हो.