धुतलेले साचे

आई, तू दिलेल्या साच्याचा दोरा आज सकाळी मी सोडला. इंजिनिअरिंगसाठी पुण्याला निघालो त्या दिवशी तू तो माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी ठेवला होतास आणि एवढेच म्हणाली होतीस, "सोडू नको. तसाच असू दे." मी सोडला नाही. घरे बदलली, शहरे बदलली, तू जाऊन एकतीस वर्षे झाली. निवृत्त होऊन सोलापुरात परत आलो तेव्हाही लाल सुताचे वेढे दिलेला तो साखरेच्या गाठी ओतायचा तळहाताएवढा सागवानी साचा माझ्याबरोबर आला आणि पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशांच्या शेजारी बसला. कुणी विचारले तर आईची आठवण, असे मी सांगत असे. खरे म्हणजे त्याच्याकडे फार वेळ पाहायचे मी टाळत आलो. त्याच्या दोन भागांमध्ये एका बाजूला फट दिसते, हे मला पूर्वीच दिसले होते. लाकूड सुकले असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. आज तो का सोडला हे सांगायचे, तर परवाच्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल.

मी हल्ली दिवसभर काय करतो हे तू पाहिले असतेस, तर तुला नवल वाटले असते. जन्मभर पदार्थशास्त्र शिकवले, प्रबंध लिहिले, इतरांच्या प्रबंधांतल्या चुका काढल्या, आणि आता मी मोटारी बनवतो. मूळ मोटारीच्या चोविसाव्या हिश्शाच्या, टेबलावर मावतील अशा. बाजारात त्यांचे तयार संच मिळतात, परंतु त्यांतले सुटे भाग मला पटत नाहीत. कडा बोथट, जाळीच्या पट्ट्या जाड, दिव्यांच्या कडी एकसारख्या नाहीत. म्हणून मी भाग स्वतः ओततो. मूळ नमुना हाताने घडवायचा, अर्धा मळलेल्या मातीत दाबायचा, वर सिलिकॉनचे पातळ रबर ओतायचे. ते धरले की उलटवून माती काढायची आणि दुसरी बाजू त्या पहिल्या भागावरच ओतायची. असा दोन भागांचा साचा होतो, आणि एकावर एक ओतलेले असल्यामुळे ते दोन भाग फक्त एकमेकांनाच बसतात. मग रेझिनचे दोन द्रव मिसळून वरच्या छिद्रातून आत सोडायचे. आपल्या फाल्गुनातल्या उन्हात ते मिश्रण पेल्यातच घट्ट होऊ लागते, म्हणून मी सकाळी सातच्या आत ओतून मोकळा होतो. हा छंद असलेले लोक आपापल्या कामाचे फोटो एकमेकांना पाठवतात. मलाही पाठवत असत. मी प्रत्येकाला त्याच्या चुका क्रमवार लिहून कळवत असे. हळूहळू फोटो येणे थांबले.

सध्या मी जी मोटार करतो आहे ती तुला ओळखू येईल. राखाडी, गोल नाकाची, पुढचा बंपर डाव्या बाजूला किंचित दबलेला. होळीच्या आधी साखरेच्या गाठी न्यायला ज्या मोटारीतून व्यापारी आपल्या गल्लीत यायचे, ती. तिचा एकही फोटो नाही. मी ती स्मरणातून करतो आहे आणि मला वाटते बिनचूक करतो आहे.

परवा सकाळी बंपर साच्यातून काढला, तर त्याच्या पूर्ण लांबीवर पायरी पडलेली. वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा केसभर सरकलेला. माझ्याकडे बंपरचे दोन साचे आहेत; एकाचा वरचा भाग दुसऱ्याच्या खालच्यावर बसला होता. मी केरफरशी करणाऱ्या बाईंना हाक मारली. सहा वर्षे त्या रोज सकाळी साडेसहालाच माझ्याकडे येतात. त्यांचे यजमान चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहेत. खरे सांगायचे तर आठवड्यातले कित्येक दिवस त्यांच्याखेरीज माझ्याशी कुणी बोलत नाही. मी त्यांना शांतपणे विचारले की फडताळ पुसताना हे रबर कुणी हलवले. मी आवाज कधी चढवत नाही, आणि त्याचा मला अभिमानही आहे. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "मी हात बी लावला न्हाय, सर." मी म्हणालो की या घरात आपण दोघेच आहोत, आणि मी ते बदललेले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, केरसुणी जागच्या जागी ठेवली आणि चपला घातल्या. उद्यापासून येऊ नका, हे वाक्य माझ्या तोंडून पूर्ण होण्याआधीच त्या जिना उतरल्या होत्या.

आई, हात बी लावला न्हाय, हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. तूही ऐकले होतेस.

बाबा गेल्यावर तू गाठींचे काम घेतलेस. माघ सरताना व्यापाऱ्यांकडून साखरेची पोती यायची आणि पाडव्यापर्यंत आपले स्वयंपाकघर म्हणजे भट्टी होऊन जायचे. मी अजून तिथे दारात उभा आहे. कढईत पाक उकळतो आहे, तू दूध शिंपडून वर आलेली मळी झाऱ्याने काढते आहेस, आणि मावशी भिजवलेल्या साच्यांच्या खोबणीत दोरा ताणून दुसरा भाग वर बसवते आहे. मावशी म्हणजे नात्यातली कुणी नव्हे. पलीकडच्या गल्लीतल्या विणकरांच्या घरची, तुझ्यापेक्षा थोडी लहान. घरात तेलुगू बोलायची आणि तुला अक्का म्हणायची. दिवसभर तुमच्या दोघींचे बोलणे चाललेले असायचे. करकंबच्या तुझ्या माहेरची म्हैस, तिच्या सासूचे दात, आणि मी. मी पाकाच्या तारेला पट्टी लावायला निघालो होतो, तेव्हा ती म्हणाली होती, "अक्का, तुमचं पोरगं भाकरी बी मोजून खातंय की." तू इतकी हसलीस की पळी खाली ठेवावी लागली. मी मात्र रागावलो. तू मला म्हणालीस, "पाक बगून वतायचा असतोय. पुस्तकात बगून न्हाय. हो बाजूला."

ते हसणे मला बरेच दिवस टोचत राहिले. तुमच्या कामात मला पद्धत दिसत नसे. सोळा साचे, बत्तीस भाग. प्रत्येक जोडी हाताने कोरलेली, म्हणून कुठलाही भाग दुसऱ्या जोडीला बसायचा नाही. जोड्या ओळखायला तुम्ही मावशीच्या मागावरची उरलेली सुते बांधून ठेवायचात, लाल, हिरवी, जांभळी, साखरेने चिकट झालेली. त्या वर्षी होळी आठ दिवसांवर असताना तुझ्या भावाचे आजारपण निघाले आणि तू दोन दिवस करकंबला गेलीस. मावशीला तू सुट्टी दिली होतीस. घरात मी एकटा होतो, अकरावीत होतो, आणि तू परत येशील तेव्हा तुला थक्क करायचे मी ठरवले. सगळी सुते कापून फेकली. सोडा घातलेल्या कढत पाण्यात साचे घासले. गच्चीवर रणरणत्या उन्हात ते दोन दिवस वाळवले. मग स्वयंपाकघरात दोन चवडी रचल्या: वरचे भाग एकीकडे, खालचे दुसरीकडे, कडेला कड लावून. इतके सुरेख दिसत होते ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी आधी आली, मग तू. दुपारपर्यंत जेवढ्या जोड्या जुळवता आल्या तेवढ्या जुळवून तुम्ही ओतल्या. उन्हाने लाकूड वाकले होते. पाक फटींतून गळत होता, आणि ज्या गाठी निघाल्या त्यांच्या मधोमध पायरी होती. संध्याकाळी राखाडी मोटार आली. व्यापाऱ्यांनी एक गाठ उचलली, उजेडात धरली आणि कढईत परत टाकली. ते काही लागट बोलले नाहीत. यंदा दुसरीकडून घेतो, एवढेच म्हणून गेले. मोटारीचा बंपर मला त्या संध्याकाळीच सर्वांत स्पष्ट दिसला होता, कारण तुम्हा दोघींकडे न पाहता तिच्याकडेच पाहत राहणे मला सोपे वाटत होते.

मोटार गेल्यावर तू त्या दोन चवडींकडे बराच वेळ पाहिलेस. मग मला विचारलेस, "तू घरातच व्हतास न्हवं? कुणी धुतलं रं हे?"

मी म्हणालो, "मी अभ्यास करत होतो."

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. मग मावशीकडे वळून म्हणालीस, "सकाळी तूच आदी आलतीस की. सांगायचं तरी हुतं." आणि मावशी म्हणाली, "मी हात बी लावला न्हाय, अक्का." ती थोडा वेळ थांबली. तू काही बोलशील म्हणून थांबली असावी. तू कढईखालचा जाळ मागे ओढत होतीस. तिने हौदावर हात धुतले, आपला डबा घेतला आणि गेली. नंतर ती विड्या वळायला जाऊ लागली. वाटेत दिसली की तू पदर सावरायचीस आणि ती दुसऱ्या बाजूने जायची.

पुढच्या वर्षी तू एकटीने ओतलेस. मी अभ्यासाला बसायचो आणि स्वयंपाकघरातून फक्त पळीचा आवाज यायचा. पहिल्यांदा मला ती शांतता बरी वाटली, हेही लिहून टाकतो. तू कधीकधी एखादे वाक्य अर्धे बोलून थांबायचीस. ऐकायला शेजारी कुणी नाही, हे तुझ्या उशिरा लक्षात यायचे. आता या घरात माझेही तसे होते. काल रेझिन ढवळताना मी बाईंना सांगितले की आज ऊन लवकर चढले आहे, आणि मग आठवले की त्या येणार नाहीत.

परवा बाई गेल्यावर मी सदोष बंपर भिंगाखाली धरून पाहिला. मग दोन्ही साचे तपासले. भागांच्या पाठीवर मी नेहमी शाईने क्रमांक घालतो. दोन्ही साच्यांच्या वरच्या भागांवर क्रमांक होते, माझ्याच अक्षरात, आणि मीच त्यांची अदलाबदल केलेली होती. फडताळावर कुणी काही हलवलेले नव्हते. साचे माझ्या क्रमांकांप्रमाणे बिनचूक बसवलेले होते.

आज सकाळी मी तुझा साचा खाली काढला तो यासाठी, की तुम्ही जोड्यांच्या आत आणखी काही खूण करत होता का, हे मला पाहायचे होते. निदान स्वतःला मी तसेच सांगितले. सुताचे वेढे जुने झाले होते, तरी गाठ तुझी होती, एका हिसक्यात सुटणारी. आत वरच्या भागावर सहा पाकळ्यांचे फूल आहे. खालच्या भागावर नारळ आहे.

ती जोडी नव्हे, आई. ज्यांचे जोडीदार वाकून वाया गेले, असे ते दोन उरलेले भाग. सोळांपैकी सगळे सोडून तू मला हेच दिलेस, मावशीच्या मागाच्या लाल सुताने बांधून. तशी सुते मी एकूणएक फेकली होती, असे मी इतकी वर्षे समजत होतो. त्यातले एक तू शोधून ठेवले होतेस. आणि मग त्या चवडी मला पुन्हा दिसल्या, कडेला कड लावलेल्या. माझी पुस्तके फळीवर तशीच असायची, माझे सदरे पेटीत तसेच असायचे. तसे रचणारे त्या घरात एकच माणूस होते, आणि मला विचारण्याआधीच तुला ते ठाऊक होते. तू मला विचारलेस ते कळण्यासाठी नव्हे. मी उत्तर दिले, आणि त्यानंतर तुझ्यापुढे दोनच माणसे होती. त्यांतल्या कुणाला जाऊ द्यायचे, ते तू ठरवलेस. मग दारावरून जाणाऱ्या मावशीला हाक मारली असतीस, तर माझे नाव घ्यावे लागले असते. तू शेवटपर्यंत ते घेतले नाहीस. शेवटच्या आजारात, इस्पितळात, तू एकदा झोपेत अगं म्हणून कुणाला तरी बोलावलेस. मी जवळ गेलो. तू डोळे उघडून मला पाहिलेस आणि पुन्हा मिटलेस.

दुपारी मी बाईंना फोन केला. म्हणालो, या उद्यापासून. त्यांनी विचारले, "सापडलं का सर, कुणी बदललं ते?" मी म्हणालो, मिटले आता. त्या म्हणाल्या, "बरं." माझे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, आणि त्यात कर्ता नव्हता.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. घडी करून तो फूल आणि नारळ यांच्यामध्ये ठेवीन. तिथे जागा आहे. तुझी गाठ मला पुन्हा तशी मारता येईल असे वाटत नाही. साचे मी धुतले होते, आई. हे तुला माहीत होते, म्हणून तुला लिहिणे सोपे गेले. उद्या सकाळी बाई आल्या की त्यांनाही सांगेन, असे इथे लिहिणार होतो. पण माझे मला माहीत आहे. त्या येतील तेव्हा मी ओतण्याच्या कामात असेन.