कॅप्टन भरतीचं शेवटचं पान

७ जाने., मंगळ.
वै.शी भांडलो. कारण पिना.

'कॅप्टन भरती' या जुन्या कॉमिकचा सातवा अंक घेऊन वसईला गेलो होतो, कोर्टाजवळ तिच्या काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात. दुपारी वकिलांची गर्दी ओसरली की वैदेही तिथल्या मशीनवर जुनी कॉमिक्स स्कॅन करते. जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर तिच्या स्कॅनला वजन आहे. कोपऱ्यात 'वै.' अशी बारीक खूण दिसली की लोक डोळे मिटून डाऊनलोड करतात. तिची पद्धत ठरलेली. आधी अंकाच्या मधल्या पिना काढायच्या, कागद सुटे करायचे, एकेक सपाट ठेवायचा. माझ्या अंकाला तिने चिमटा लावला आणि माझं सटकलं. गंजल्या असतील, पण माझ्या पिना आहेत. "हात लावू नकोस," जरा मोठ्यानेच म्हणालो. दोन वकील वळून बघायला लागले.

काका: "पोरा, पिन काढते ती. तुझी किडनी नाय."

वै.ने चिमटा खाली ठेवला. "मग घरी फोनवर फोटो काढ आणि पाठव, प्रथमेश." पूर्ण नाव. एरवी पश्या.

रागावली की छान दिसते. इथे लिहितो, तिला सांगणार नाही.

९ जाने.
खिडकीत बसून सगळ्या पानांचे फोटो काढले. पाठवले. संध्याकाळी तिने साफ करून दाखवले. पिवळेपणा गायब, तेलाचे डाग गायब, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या पानांचा रंग एक. मानलं तिला. पिना न काढता पण झालं की.

मी टॅबलेटवर काढतो त्या कॉमिकचा नववा भागही आज ऑनलाइन टाकला. फोनवर वाचायची उभी पट्टी, अंगठ्याने खाली सरकवायची. पान नाही त्यामुळे पान उलटल्याचा धक्का नाही. मी धक्का रिकाम्या जागेतून देतो. पोरगा जिना उतरतो, मग नुसता काळोख, अंगठा दमेपर्यंत काळोख, मग दार. कागदावर हे होणारच नाही. बाबा: "इंजिनीयरिंग सोडलंस ते लोकांचे अंगठे दमवायला." बोलू दे. वाचणारे वाढतायत. बाबांच्या ऑफिसातही कोणीतरी वाचत असेल, त्यांना माहीत नाही एवढंच.

१२ जाने., रवि.
अंक ग्रुपवर गेला, धुमाकूळ. सगळे शेवटच्या पानावर फिदा.

कॅप्टन भरतीला गुंडांनी खडकाला बांधलंय, पाणी छातीपर्यंत. शेवटच्या पानावर तो सुटतो, मुखवटा पाण्यात सोडतो, आणि ओल्या कपड्यांनी शेअर रिक्षात तिसरा म्हणून बसतो. शेजारची बाई फक्त म्हणते, "जरा सरका, माझी साडी भिजतेय."

ते पान माझं आहे.

अंक हातात आला तेव्हाच शेवटचं पान फाटून गेलेलं होतं. नववीत असताना मीच ड्रॉइंगच्या कागदावर शाईने काढून चिकटवलं. तेव्हापासून माझ्यासाठी अंक त्या पानासकटच आहे. फोटो काढताना ते वेगळं सांगायला हवं, हे डोक्यातच आलं नाही. आणि वै.च्या सफाईनंतर दोन्ही कागद सख्ख्या भावांसारखे.

पुण्याचा एक जण लिहितो, काळाच्या किती पुढे होते हे लोक. चहा नाकातून यायचा राहिला. आई म्हणाली, कोणाचा मेसेज? म्हटलं, चाहत्यांचा.

वै.ला सांगायचंय. पण समोर. तिचा चेहरा बघायचाय.

१३ जाने.
समोर सांगायचं राहिलं.

दादरच्या एका जुन्या संग्राहकाने ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला: "आजच्या टॅबलेटवाल्या पोरांनी हे पान समोर ठेवून शिकावं. रेघ अशी असते." डोकं फिरलं. लिहिलं, हे पान टॅबलेटवाल्या पोरानेच काढलंय. मीच तो. नववीत काढलेलं. मनवेलपाडा, विरार पूर्व.

फार बरं वाटलं. चपला घालून खाली जाऊन वडापाव घेईपर्यंत.

परत बघतो तर मला कोणी विचारतच नव्हतं. सगळे तिच्या मागे. स्कॅन बनावट कसा? पिना काढून तपासला नाही? मग तिचे आधीचे स्कॅन तरी खरे कशावरून? एकाने तिचे सगळे काढून टाका म्हटलं.

'वै. यांनी ग्रुप सोडला.'

फोन लावला. उचलत नाही.

१४ जाने.
संक्रांत. तिळगुळाच्या निमित्ताने दुकानात गेलो. काकांनीच आधी माझ्या हातावर लाडू ठेवला. "घे. आनि आता तरी गोड बोल. पोरगी कालपासून पानी पन धड पित नाय."

वै. मशीनवर सातबाराच्या प्रती काढत होती. मान वर न करता बोलली. "पिनेच्या अंकात प्रत्येक कागद दुमडलेला असतो. शेवटच्या पानाची जोडी पुढे, पहिल्या पानाशी. तुझ्या पानाला जोडीच नाही, नुसतं चिकटवलेलं. पिना काढल्या असत्या तर लगेच दिसलं असतं. दर वेळी बघते मी. एकदाच सोडलं, तुझ्यासाठी."

"मग चूक माझी आहे ना, तसं लिहितो."

"तू आधी मला सांगायला पाहिजे होतंस. त्यांना नाही."

लाडू तसाच हातात घेऊन निघालो. 

'तुझ्यासाठी' म्हणाली. विरारला येईपर्यंत तेच डोक्यात.

१६ जाने.
ग्रुपवर लिहिलं: पिना मी काढू दिल्या नाहीत. फोटो मी पाठवले. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तिच्या बाकीच्या कुठल्याही अंकावर शंका असेल त्याने मूळ अंक घेऊन दुकानात यावं, मी समोर उभा राहून पान पान जुळवून दाखवतो. शेवटी दोन वाक्यं जरा तिखट होती. आईने मागून वाचली, फोन घेतला आणि स्वतःच खोडली. आईला फोन माझ्याएवढाच चालवता येतो हे कळलं.

 काहींनी हात जोडले. पण ती ग्रुपवर नाही, तिने वाचलं का कळायला मार्ग नाही.

१९ जाने., रवि.
वसईजवळच्या कामणहून भोईरकाकांचा फोन. ग्रुपवर असतात पण कधी बोलत नाहीत. त्यांच्याकडे सातवा अंक अख्खा आहे, गोदामात पेटीत. आजवर कोणाला स्कॅन करू दिला नाही. "स्कॅन झाला की माझ्या अंकाला कोन विचारनार?"

"मग आता का देताय?"

"त्या पोरीने माझे दोन फाटके अंक दुरुस्त करून दिले होते. तिचं नाव असं जायला नको. पन एक सांगतो, तुझं पान चांगलं आहे. खरा शेवट वेगळा आहे. सांगू?"

"नको."

का नको म्हटलं माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. खरं पान भारी निघालं तर? निघू दे. नववीतल्या पोराच्या रेघेला दादरची माणसं फसली, हे काही पुसलं जात नाही.

वै.ला मेसेज केला. भोईरकाका, कामण, खरा अंक, येशील? दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

२० जाने.
उत्तर नाही.

दहावा भाग काढायला बसलो. पोरगा दारापाशी पोचलाय. दार उघडावं की नाही ठरत नाही. जिना अजून लांबवला.

२१ जाने.
सकाळी तिचा मेसेज आला. जसा आला तसा उतरवतो:

"उद्या सकाळी. मोठं मशीन काका नेऊ देणार नाहीत, छोटा स्कॅनर आणते. पिना तू काढायच्या, पश्या."

पश्या.

कपाटातून कॉलेजचं जर्नल काढलं आणि चिमट्याने पिना काढायचा सराव केला. पहिल्या दोन वाकल्या, तिसरी अलगद आली. बाबा दारातून बघत होते. "चला, जर्नल उपयोगी पडलं," म्हणाले आणि मला अजून एक आणून दिलं.

भोईरकाकांचा अंक तिच्यासमोर उघडायचा. पिना मधल्या पानावर असतात. तिथून शेवट दिसत नाही.