त्या दिवशी मावशी बाकावर नव्हती

३ मार्च

लिहीन लिहीन म्हणत महिना घालवला! वही आणली त्या दिवशी पहिल्या पानावर मांजर काढलं. मग मांजराला टोपी. मग पान संपलं. मी अशीच. दोन कॉलेजं अर्धवट सोडली, बोटीवर भांडी घासली, फोटोग्राफरकडे दिवे धरून उभी राहिले. आता मावशीकडे. आई म्हणाली, "खासदार आहे ती, तुला कुठंतरी चिकटवील." चिकटवलं – स्वतःच्याच ऑफिसात.

निवडणूक तोंडावर आलीय. मावशीच्या कारकिर्दीची पुस्तिका करायची. कुठली विधेयकं मांडली, कधी कुणाच्या बाजूनं मत दिलं. झोप येणार!

५ मार्च

झोप नाही आली. प्रत्येक सरकारी इमारतीत बायकांसाठी संडास हवाच, हे विधेयक मावशीचं. मांडलं तेव्हा सभागृह खदाखदा हसलं म्हणे. ही उभीच. "हसून झालं की सांगा, मी थांबते." मंजूर झालं. एकदा स्वतःच्याच पक्षाविरुद्ध मत दिलं, तर वर्षभर मागच्या बाकावर बसवलं. मी विचारलं, वाईट वाटलं? "छे गं भिंगरे, मागं पंखा होता."

दुपारी खिडकीखाली एक माणूस छत्र्या दुरुस्त करत होता. तासभर तेच बघत बसले.

६ मार्च

आज सभेत नको ते झालं. रंगाच्या कारखान्यांची वस्ती. गटाराचं पाणी एका गल्लीत निळं, दुसरीत लाल. मावशी बोलायला उभी राहिली, तेवढ्यात पुढची एक बाई उठली. हातात नवऱ्याचा फुप्फुसाचा एक्स-रे.

"कामगारांची तपासणी मालकाच्या खर्चानं – विधेयक तुमचंच ना? मग मतदानाला तुम्ही कुठं होता, बाई?"

मावशी एवढंच म्हणाली, "नव्हते मी." आणि खाली बसली.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर तोच व्हिडिओ.

७ मार्च

खरं आहे. मतं समसमान पडली, समसमान म्हणजे नामंजूर. मावशीच्या नावापुढं – गैरहजर. तिच्या एका मतानं झालं असतं!

मावशीचा सहायक – मी त्याला टाचणी म्हणते, दिसेल ते टाचतो – म्हणाला, "हे पान गाळ. नाहीतर आपण पडलोच."

मी म्हटलं, आजारी होती का? टाचणीनं दार लावून घेतलं. "जोडी लावली होती बाईंनी."

सभागृहातली जुनी रीत. समोरच्या पक्षातल्या एखाद्याला अडचण आली, जावंच लागलं, तर आपल्यातला एक मुद्दाम बाहेर राहतो. एक मत इकडचं गेलं, एक तिकडचं. लिहून काही नसतं, सगळं तोंडी.

"मग हे सांगायचं की लोकांना!"

"बाईंना सांग. मी सांगून थकलो."

८ मार्च

मावशी वाटाणे सोलत होती. मीही बसले. निम्मे मीच खाल्ले.

त्या सकाळी समोरच्या बाकावरचा एक जण तिच्याकडे आला. बायकोच्या डोक्याचं ऑपरेशन, त्याच दिवशी. त्याच्या पक्षाचा हुकूम – कुणी हलायचं नाही, जोडी तर मुळीच लावायची नाही. त्यानं पक्षाला ताप आल्याचं सांगितलं आणि मावशीकडून शब्द घेतला. तिचं विधेयक दुसऱ्या दिवशी येणार होतं. जेवणानंतर कामकाज बदललं, आणि तेच त्या दिवशीच मतदानाला घेतलं!

"मी कँटीनमध्ये होते. मतदानाची घंटा ऐकू येत होती."

"जायचं ना आत!"

"तो दवाखान्यात होता गं."

मी हिशेब मांडला – तो असता आणि तू असतीस, तरी बरोबरीच झाली असती! मग सांगून टाक!

"सांगितलं तर त्याचा पक्ष त्याला हाकलील. अजून निवडून येतो तो."

"अगं, पण तू पडशील!"

"पडेन." एक शेंग उघडली, किडकी निघाली, टाकली. "आणि त्या बाईच्या नवऱ्याचं काय, ते मला रोज आठवतं. मी बरोबर केलं असं कधी म्हटलं नाही. शब्द दिला होता, एवढंच."

"ती बायको वाचली का?"

"विचारलं नाही मी कधी. विचारलं असतं तर उपकाराची आठवण करून दिल्यासारखं झालं असतं."

९ मार्च

पान गाळलं नाही. मावशीनं स्वतः लिहायला लावलं – 'गैरहजर', पुढं काही नाही. टाचणी माझ्याशी बोलत नाही.

मला मात्र निघावंसं वाटत नाहीये. असं कधी होत नाही माझं.

१० मार्च

मावशी मागे केस वाळवतेय. आज परत त्याच रंगाच्या वस्तीत सभा.

आत्ताच बेल वाजली. दारात काठी घेतलेली एक बाई. कानामागून डोक्यावर गेलेली टाक्यांची जुनी खूण. म्हणाली, "तो व्हिडिओ बघून आमचे हे काल जेवलेच नाहीत. खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं बोलले. गाडीत बसलेत, उतरायला लाजतायत." मग काठी भिंतीला टेकवली. "बाई कुठं आहेत? आणि सभा कितीला आहे?"