हॉर्नचा रिले

आबा,

काल दुपारी डोळा लागला आणि गाडी दिसली. फिरत्या दवाखान्याची, फिकट निळी, मागच्या दाराला लोखंडी पायरी असलेली. ती कुठेच जात नव्हती. उन्हात उभी होती, इंजिन चालू होतं आणि पत्रा थरथरत होता, एवढंच. जागी झाल्यावरही ती थरथर थोडा वेळ तळहातात राहिली.

त्या गाडीत झोपायला दोन फळ्या होत्या, एक स्टोव्ह, पाण्याची टाकी, आणि मागे लशींचा लहान फ्रीज. तुम्ही ड्रायव्हर, मी नर्स. बाप-लेकीला एकाच गाडीवर नेमलं तेव्हा ऑफिसात कोणीतरी हसलं होतं. महिन्यातले बरेच दिवस आपण तिच्यातच राहायचो. तुम्ही तिला घर कधी म्हणाला नाहीत, पण आत येताना चपला पायरीवर काढायचात. लोकांसमोर मला ‘सिस्टर’ म्हणायचात आणि लोक पांगले की, ‘पोरी, चहा ठेव.’

आपल्या गावाची फेरी महिन्यातून एकदा असायची. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्या वर्षी आपली वस्ती जळाली. मी तेव्हा परभणीला वसतिगृहात होते. सुट्टीत आले ती थेट शहरातल्या भाड्याच्या खोलीत. जळलेलं घर मी पाहिलंच नाही. तुम्ही पाहिलंत, आणि त्यानंतर वेशीच्या आत पाऊल टाकलं नाहीत. पुढे गाडी मिळाली तेव्हाही ती वेशीबाहेर चिंचेखाली उभी करायचात आणि लांब हॉर्न द्यायचात. मग सगळ्या गल्ल्यांतून बाया लेकरं घेऊन यायच्या. तुम्ही खिडकीतून त्यांची विचारपूस करायचात, खाली उतरायचा नाहीत. गावानं ते मान्य करून टाकलं होतं. मीही.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या तांड्यावर गोवर होता. एक लेकरू गेलं होतं. चुडाव्याचं रेल्वे फाटक ओलांडलं आणि मी फ्रीज उघडला, तर आतला तापमानाचा काटा वर चढलेला. बर्फ तर सकाळीच विरघळला होता.

“आबा, फ्रीज तापायलाय.”

“लस गेली का?”

“अजून न्हाई. पण लय वेळ न्हाई राहायची.”

तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. दोन्हीकडे कापसाची रिकामी रानं आहेत, वर आभाळ पांढरं. तुम्ही आपलं बसायचं फळकूट उचलता. खाली काडेपेटीएवढ्या तीन काळ्या डब्या आहेत, एकाच बनावटीच्या, आणि त्यांच्यावर रंगानं लिहिलेलं सगळं पुसून गेलेलं. तीन रिले. बटणाची बारीक वीज आत आली की डबीत टिक् होतं आणि मोठी वीज पुढे जाते. एक सेल्फचा, एक हॉर्नचा, आणि एक इंजिन चालू असताना फ्रीजच्या बॅटरीला वीज पोचवणारा. कुठला कुठला हे आता बोटानं ओळखायचं होतं.

“हॉर्न दाब.”

मी दाबला. तुमचं बोट मधल्या डबीवर होतं. “ही हॉर्नची. पुन्हा दाब.”

मागून एक बैलगाडी येत होती. गाडीवान ओरडला, “ओ डायवर, बैलं बुजायलेत! रानात कोणाला बोलवायलाव?”

“बैलांनाच!” तुम्ही वाकूनच ओरडलात. तो हसत पुढे गेला. त्याची धूळ आपल्यावर बसेपर्यंत तुम्ही सेल्फची डबीही ओळखली होती. मग इंजिन सुरू केलंत आणि तिसऱ्या डबीवर बोट ठेवलंत. माझंही ठेवायला लावलंत. आत टिक् झालं, नखाखाली, एखाद्या किड्यानं कूस बदलावी तसं.

“आवाज तर देतीय,” तुम्ही म्हणालात. तारा जोडलेला बल्ब येणाऱ्या तारेला लावलात, तो पेटला. जाणाऱ्या तारेला लावलात, पेटला नाही. “आतले पॉइंट जळालेत.”

मी म्हटलं, “दोन्ही तारा पिळून सरळ जोडा की. घडीभराचाच प्रश्न हाय.”

“न्हाई.”

“लोक करतात तसं.”

“करू दे. तार तापली तर मागं स्पिरिट हाय, गाद्या हायेत. माझ्या हातानं जाळाला वाट करून देणार न्हाई मी.” डब्यांवरून बोट फिरवत तुम्ही म्हणालात, “सेल्फचा काढला तर गाडी पुन्हा सुरू व्हायची न्हाई. हॉर्नचा काढावा लागंल.”

“मग काढा. हॉर्नवाचून काय अडायलंय?”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग इंजिन बंद केलंत, बॅटरीची तार सोडलीत, आणि कामाला लागलात. डबीच्या चारही तारा एकदम कधी सोडायच्या नाहीत, हा तुमचा नेम. एक काढायची, हॉर्नच्या डबीवर तिच्या जागी बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. तुमच्या कपाळावरचा घाम भुवईपाशी थांबत होता. पुन्हा इंजिन सुरू झालं. टिक्. आणि मागे फ्रीज घुमू लागला.

उरलेला रस्ता मी खिडकीतून हात बाहेर काढून दाराचा पत्रा बडवत होते. शेळ्या सावकाश बाजूला होत होत्या. मला मजा वाटत होती. तुम्ही हसत नव्हता.

चिंचेखाली गाडी थांबली. तुमचा हात सवयीनं हॉर्नवर गेला, दाबला, आणि काहीच झालं नाही. तेव्हा मला कळलं.

“मी जाते बोलवायला,” मी म्हटलं.

“कोणाचं घर कुठं, तुला काय ठावं? होस्टेलात वाढलीस तू.” तुम्ही सदऱ्याची वरची गुंडी लावलीत. “इंजिन बंद करू नको. काट्याकडं बघत राहा.”

तुम्ही चपला घातल्यात आणि वेशीतून आत गेलात. पाठ दिसली, मग भिंत दिसली.

आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. किती वेळ गेला तेही सांगता येणार नाही. इंजिन चालू होतं, पत्रा थरथरत होता, चिंचेची सावली बॉनेटवर हलत होती. गावातून आवाज येत नव्हता, आणि मी त्या शांततेत एखादा वरचा आवाज ऐकू येतो का, याची वाट पाहत होते. हातात काठीसुद्धा न घेता तुम्ही गेला होता. मग पहिली बाई आली, तान्ह्याला पदराखाली घेऊन.

“तुझ्या बानं दारात येऊन हाक मारली. मी म्हणलं, कोण आलं बाई!”

दुसरी म्हणाली, “पाणी देऊ का म्हणलं, तर म्हणला, गाडीत हाय.”

तिसरी लेकराला पुढे करत म्हणाली, “हॉर्न मोडला म्हणून तरी गावात आला म्हणायचं!” बाया हसल्या. मी सुया भरत राहिले. लस गार होती.

सगळ्यांत शेवटी तुम्ही आलात. तुमच्या हातांत एक लेकरू होतं, आणि दोन पावलं मागे त्याची आजी, वेशीजवळच्या मोठ्या घरातली. त्या वर्षी रॉकेल त्याच घरातून आलं, असं वस्तीत बोललं जायचं. लेकराची आई तापानं पडली होती आणि म्हातारीचे हात कापत होते, म्हणून तुम्ही घेतलं होतं.

“हे...” मी म्हटलं.

“लेकरू हाय,” तुम्ही म्हणालात. “सुई भरा, सिस्टर.”

मी टोचलं. ते किंचाळलं आणि त्यानं तुमच्या सदऱ्याची कॉलर मुठीत धरली. तुम्ही त्याला हलवत उभे राहिलात, ते थांबेपर्यंत, मग त्याच्यानंतरही थोडा वेळ. म्हातारी पायरीशी पदर धरून उभी होती.

परतताना मला वाटत होतं, आता काहीतरी उघडलं. पुढच्या वेळी तुम्ही गाडी वेशीच्या आत नेणार, मला घराची जागा दाखवणार. चार दिवसांनी मानवतच्या दुकानातून नवा रिले आला आणि तुम्ही तो हॉर्नला बसवलात.

पुढच्या महिन्यात गाडी चिंचेखालीच थांबली. तुम्ही हॉर्न दिलात, नेहमीइतकाच लांब. बाया आल्या. ती म्हातारीही आली, नातवाला कडेवर घेऊन, आणि खिडकीपाशी उभी राहिली.

“काय रे, आज घरी न्हाई आलास?”

तुम्ही स्टिअरिंगवरचा हात उचलला नाहीत. म्हणालात, “हॉर्न सुधारलाय आता, काकू.”

ही गोष्ट मी माझ्या मुलांना सांगते. सांगताना दरवेळी म्हणते की, एवढं बोलून आबा हसले. तुम्ही हसला नव्हतात.