इराच्या मुरमांची खबरबात

महाड, रविवार दुपार

चि. इरा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

पुण्यात तुझं बरं चाललं असणारच. फोनवर ‘बरंय, ठेवते’ एवढंच म्हणतेस. बरं नसतं तर दोन वाक्यं जास्त बोलली असतीस. माझी तब्येत ठणठणीत आहे (विचारलं नाहीस, तरी सांगते). फक्त तोंड सोललंय. ते कसं, हे सांगायलाच लिहायला बसले.

त्याचं झालं असं, की टिकल्या घ्यायला बाजारपेठेत ऋतिकाच्या दुकानात गेले. ऋतिका म्हणजे पोलादपूरची पोरगी, दुकान नवीनच टाकलंय आणि बोलायची भारी हौस. तिनं विचारलं, ‘मॅडम, स्किन कशी हाय?’ माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, ‘तेलकट. मुरमं फार.’ तुझ्या दहावीपासून दुकानोदुकानी हेच तर सांगत आलेय. मग म्हटलं, मुलीसाठी हवंय. मुलगी इथे नसते हे सांगायचं राहिलं (राहिलं म्हणजे, सांगितलं नाही). तिनं स्टूल दिलं, चहा मागवला. तेल काढणारा सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, बिनतेलाचं जेल, सनस्क्रीन, सगळं मांडलं. त्वचा तेलकट असली म्हणून मॉइश्चरायझर टाळायचं नाय, असं दरडावलंसुद्धा. घरी बोलायला भिंती, इथे तासभर कुणीतरी माझ्याकडे बघून बोलत होतं. बरं वाटलं गं. मी सगळं घेतलं.

पुढच्या खेपेला तिनं विचारलं, ‘मुलीला लागू पडलं काय?’ आता खोटं बोलायचं, तर निदान अनुभवाचं बोलावं, म्हणून तो फेसवॉश मीच लावला. माझी कातडी आधीच वाळल्या पापडासारखी. नाकाची सालं निघाली. शेजारच्या कमळाबाईंनी विचारलं, तेव्हा ठोकून दिलं, सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात जरा जास्त बसले. झालं, दुसऱ्या दिवशी त्या टॉवेल घेऊन दारात, मलापण ने. ते निस्तरतेय तोवर ऋतिकानं (मुलीच्या डागांसाठी) मॅट फाउंडेशन दिलं. ते थापून वर्गावर गेले. हसलं की गालाला भेगा पडायच्या, म्हणून दिवसभर गंभीर राहिले. पोरांनी तेराचा पाढा न अडखळता म्हटला.

आता कपाटात तुझ्या त्वचेचं अख्खं दुकान आहे. तू काळजी करू नकोस, मला इथे काही कमी नाही.

तुझी,
आई

ता.क. वरचं शेवटचं वाक्य पत्रात लिहायची रीत असते म्हणून लिहिलं. घर खायला उठतं.

आणखी एक ता.क. काल ऋतिकानं विचारलं, मुलीला मुरमं आता कपाळावर येतात की हनुवटीवर? त्यावर पुढचं ठरवायचं असतं म्हणे. मला सांगता येईना. व्हिडिओ कॉल लावून तू फोन टेबलावर ठेवतेस आणि कामाला लागतेस, मला तुझा पंखा दिसतो (पुसून घे, धूळ आहे). पुढच्या रविवारी फोन जरा तोंडासमोर धर. पावडरबिवडर लावत बसू नकोस. मुरमांसकट बघायचंय मला तुला.