रोज आठ वाजताची गोळी

आये,

महिनाभर टाळत होते, शेवटी काल तुझं कपाट आवरायला घेतलं. लुगड्याच्या घडीत तुझ्या लघवीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली. सवयीनं मागचं नाव वाचलं. तेव्हापासून कशातच हात चालत नाही, म्हणून लिहितेय.

मी तुला आमच्या लॅबमधल्या उंदरांचं सांगितलं होतं. टाकीत पाणी, पाण्याखाली लपवलेला छोटा पाट. उंदीर पोहत तो शोधतो, चार-पाच दिवसांत जागा लक्षात ठेवतो. मग आम्ही एक औषध टोचतो आणि तो सगळं विसरून नुसता गोल गोल पोहतो. तू बोंबील साफ करता करता म्हणालीस, "पान्यात सोडतेस आन् पाय टेकायची जागाच लपवतेस? तुला काळीज हाय का न्हाय गो?" मी हसले होते.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. ते औषध त्यातलं अ‍ॅसिटिलकोलीन अडवतं. निरोप पोचला नाही की आठवण टिकत नाही. इतकी वर्षं मी हेच शिकवतेय. आणि तुझी गोळीही तेच अडवते, आये. काम मूत्राशयाचं, पण म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूतही पोचू शकते. उंदरांचं लॅबमध्ये, तुझं घरी. हे दोन्ही माझ्या डोक्यात कधी शेजारी आलंच नाही.

डॉक्टरांनी महिन्याभराची दिली होती, मग दाखवायला या म्हणाले होते. तुला लग्नाकार्यात निवांत बसता येऊ लागलं, तू खूश झालीस. मी जुनीच चिठ्ठी दाखवून जेसल पार्कच्या मेडिकलमधून दोन वर्षं गोळ्या आणत राहिले. तू कालवणात दोनदा मीठ घालायला लागलीस, बाजारातून टोपलीशिवाय आलीस. "वय झालं आता," असं मीच सगळ्यांना सांगत सुटले.

"नको गो, तोंड सुकतं," म्हणायचीस. तोंड सुकणं ही तेच रसायन अडल्याची खूण; हा प्रश्न मी मुलांना परीक्षेत घालते. तुला मात्र पाण्याचा पेला पुढे केला.

मोठे डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार तुला होताच. असेलही. पण त्यात माझा वाटा किती? उंदरांच्या एका गटाला औषध देतो, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी, आणि फरक बघतो. तू एकच होतीस. उंदरांनाही मध्ये काही दिवस औषधाविना मोकळं ठेवतो, औषध अंगातून उतरतं, पाट परत सापडतो. तुला मी एक दिवस सुटी दिली नाही.

तेराव्याला आपला विनू चारचौघांत म्हणाला, "ताईनं आयेची एक गोळी चुकू दिली न्हाय." तेव्हा बरं वाटलं होतं मला.

रविवारी तो जेवायला येतोय. पट्टी त्याच्यापुढे ठेवून सगळं सांगेन, कुठलंही पांघरूण घालणार नाही, हा शब्द देते तुला. तो बोलणं टाकेल. टाकू दे.

शेवटी शेवटी तू मला ओळखतही नव्हतीस. तरी माझा हात पुढे आला की मुकाट तोंड उघडायचीस. अनोळखी बाईवर एवढा भरवसा ठेवतात का गं, आये?

तुझी,
कुंदा