आत्याचं झाकलेलं ताट

केज, रविवार, दिवेलागण

दादांना, माझ्या वडिलांना, मातीत ठेवून आज दहा दिवस झाले. चर्चमधल्या उपासनेहून परतले तर दारात आत्या, दादांची थोरली बहीण. दिंद्रुडहून जीपनं आलेली, हातात फडक्यानं झाकलेलं ताट. दादा प्रभूत आले, ख्रिस्ती झाले; आत्या हिंदूच राहिली. तिच्याकडं दहाव्याला कावळ्याला घास ठेवतात.

"शेवटाला पोटात कायबी गेलं न्हाई गं माझ्या भावाच्या," म्हणाली.

मी म्हटलं, "आत्या, आमच्यात हे न्हाई. दादा प्रभूजवळ हायत. त्यांना आता भूक न्हाई."

किती शांतपणे बोलले मी! चर्चमध्ये विश्वासाची साक्ष दिल्यासारखं. आत्यानं फडकं नीट केलं आणि ताट तसंच घेऊन माघारी गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही मी तिला. हेच का पवित्र जगणं?

पुनरुत्थानाची आशा आहे मला, आजही आहे. दादा भेटतील. पण आत्ता जेवायला बसले, तर समोर दोन ताटं. मीच वाढलेली. घरात मी एकटी.

दुसरं उचलवत नाही.

दादांना भूक नाही, हे खरंच. पण वाढल्याशिवाय आत्याला राहवत नव्हतं. मलाही नाही राहवलं.